हळदीच्या कॅसेटमधलं नाव

बोरी बुद्रुक,
९ एप्रिल १९९७

हितेश,

वर श्री लिहिलेला नाही आणि खाली आशीर्वादही येणार नाही, तेव्हा शोधत बसू नकोस.

पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ती देत नव्हती. ‘बायडाबाई, रागात पत्र लिहू नका,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘कंचनबाई, राग उतरायची वाट बघाया लागले तर तुमचा पोरगा म्हातारा व्हईल.’ मग तिनं दुकानाच्या बिलाच्या पाठीमागे लिहून दिला. तू पुण्यात कॅसेटींचं मोठं दुकान टाकलंस आणि तुला बोलायलाही वेळ नसतो, असं कळलं. वाचायला वेळ काढ. मी सातवी पास आहे, अक्षर बरं आहे, डोळ्यांना त्रास होणार नाही.

सांगायचं एकच आहे. त्या हळदीच्या कॅसेटमधून माझ्या हौसाचं नाव काढ.

या लग्नसराईत आमच्या शिवारात जिकडे तोंड करावं तिकडून मीच गाते आहे. ‘हौसा गं ये गं, हळद वाळली, हौसा गं ये गं, पाट मांडिला.’ पाटावर असते कुणी सुनीता, कुणी मनीषा, आणि भोंग्यातून हाक जाते माझ्या पोरीला. माझी पोर कुठे आहे? माझ्या घरात. महिना झाला, लोणीहून सासर सोडून आली, अंगावरच्या साडीनिशी. ही तिसरी खेप. डावा हात मनगटाशी मोडलेला. नारायणगावच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. कसा मोडला ते तुला लिहीत नाही, तू काही पंच नाहीस.

दळणाला गेले तर गिरणीवाला विचारतो, ‘काय बायडाबाई, हौसाची हळद आजून निघती व्हय?’ पीठ तिथंच टाकून आले. दुसऱ्या दिवशी कोंडाबाईनं आणून दिलं.

आमच्यात हळद कशी लागते ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. पोर पाटावर बसली की गाण्यात तिचं नाव घालायचं, तिच्या आईचं घालायचं, मामाचं घालायचं. ज्या पोरीची हळद तिचंच नाव. बिननावाचं गाणं म्हटलं तर हळद अंगाला लागत नाही, असं माझी सासू म्हणायची आणि मीही म्हणते. गाणं त्या पोरीचं आणि त्या दुपारचं, संपलं की संपलं. ते तू डबीत भरलंस आणि आळेफाट्यापासून मंचरपर्यंत वाटलंस. आता सगळ्या तालुक्याच्या पोरी माझ्या हौसाच्या नावानं पिवळ्या होतात, आणि ती आत बसून ऐकते.

आणखी एक. कॅसेटच्या कागदावर कुणा गोऱ्या बाईचा फोटो आहे आणि खाली छापलंय, ‘गायिका: पारंपरिक’. ही पारंपरिक कोण रे? तुझी कोण लागते? तीन वर्षांपूर्वी मला मावशी मावशी म्हणत माझ्या चुलीपुढे चहा पीत होतास तेव्हा मला नाव होतं. अजून आहे.

बायडाबाई

*

बोरी बुद्रुक,
२२ मे १९९८

हितेश,

वर्ष झालं, उत्तर नाही. तुझ्या आईला विचारलं तर ती साडीच्या घड्या घालत म्हणाली, ‘तो म्हणतो, विकलेल्या कॅसेटी घरोघरी फिरून कशा गोळा करू?’ का नाही करू शकत? विकायला तर घरोघर गेला होतास.

आता लोणीला काय झालं ते ऐक, म्हणजे तुला कळेल तू काय करून ठेवलंस.

माघात हौसाचा काडीमोड झाला. वैशाखात त्यानं दुसरी केली. त्याचं नाव मी या कागदावर घेणार नाही. नवरीकडची माणसं माझ्या भावाच्या बायकोच्या नात्यातली, म्हणून भावाला, गेणभाऊला, जावं लागलं. त्यानंच येऊन सांगितलं.

हळदीला बायका जमल्या. गाणारी कुणी नव्हती. हल्ली बोलवतच नाहीत, भोंगा असतो. भोंगेवाल्यानं कॅसेट टाकली, नवरदेव पाटावर बसला, करवलीनं हळदीचं बोट लावलं, आणि भोंगा ओरडला, ‘हौसा गं ये गं!’ गेणभाऊ म्हणतो, ‘आक्के, मांडवात येक माणूस हलंना. त्यो तसाच पिवळं त्वांड घिऊन बसला. मंग कुनीतरी माघून हासलं, आन् समदा मांडवच हासाया लागला.’ भोंगेवाला घाबरून बटणं दाबायला लागला तर आवाज वाढला. शेवटी त्याच्या धाकट्या भावानं वायर उपटली. तिकडे नवरीनं रडून गोंधळ घातला, की आधीचीचं नाव घेऊन मला हळद लावता का.

खोटं कशाला लिहू, मी हसले. पोट धरून हसले. गेणभाऊही हसला. मग बघितलं तर हौसा मोरीवर पाठमोरी बसून भांडी घासत होती आणि एकच तांब्या घासत होती, थांबत नव्हती. माझं हसू तिथंच विझलं.

तिसऱ्या दिवशी लोणीचे चौघे जण जीप घेऊन दारात. म्हणे, ‘बाई, तुमीच मुद्दाम लावाया लावली क्याशेट.’ मी म्हटलं, ‘मला आसं काई सुचलं आसतं तर मी सोता येऊन मांडवात गायले आसते, भोंगा कशाला लागतो?’ गेले. पण गावभर झालं. आता हौसाचं नाव निघालं की आधी लोणीचा मांडव आठवतो, मग हौसा.

मला ती कॅसेट बंद झालेली हवी आहे. तू बंद करत नसशील तर मी आळेफाट्याला तुझ्या बापाच्या दुकानापुढे बसेन. सोहनलालशेठ भला माणूस आहे, त्याला त्रास द्यायचा नाही, पण बसेन.

बायडाबाई

*

बोरी बुद्रुक,
३ डिसेंबर २००१

हितेश,

मी दुकानापुढे बसले नाही. तुझ्या आईनं आत बोलावून गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, ‘माझंही तो ऐकत नाही हो.’ तिच्यासमोर कसं बसायचं?

परवा ओझरला सामुदायिक लग्न झालं. एकवीस जोडपी. कोंडाबाईची नात होती म्हणून मी आणि कोंडाबाई गेलो. मनात होतं, एकवीस पोरी आहेत, एकेकीचं नाव विचारून घ्यावं. जाताना एसटीत आम्ही दोघी चाली आठवत होतो. वीस वर्षं आम्ही दोघी आणि साळुबाई गायलो, साळुबाई गेली तरी आमचा सूर तुटला नव्हता.

तिथे एकवीस पाट ओळीनं मांडलेले आणि दोन बाजूंना कपाटाएवढे भोंगे. चालू झालं. माझाच आवाज, इतका मोठा की छातीत वाजत होता. ‘हौसा गं ये गं.’ एकवीस पोरी हौसा झाल्या. मी वाटी घेऊन पहिल्या पोरीपुढे वाकले, नाव विचारलं. म्हणाली, कविता. मी तिच्या कानाशी म्हणायला लागले, ‘कविता गं ये गं, पाट मांडिला.’ तर शेजारची एक बाई, चांगली शिकलेली, खांद्याला पर्स, मला म्हणाली, ‘ओ आजी, जरा गप्प ऱ्हावा ना, गाणं ऐकू येईना.’

वाटी कोंडाबाईकडे दिली आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागले. कोंडाबाई म्हणाली, ‘आगं सांग की त्यांना, ही मीच हाय म्हणून.’ मी म्हटलं, ‘कुनी इस्वास ठिवंल? मशीन म्हंती पारंपरिक.’

हितेश, तुझ्या बहिणीच्या, रिंकूच्या पीठीला, म्हणजे तुमच्यातल्या हळदीला, तुझ्या आईनं मला बोलावलं होतं, आठवतं? तुमच्यात तुमची वेगळी गाणी. तरी तुझी आई म्हणाली, बायडाबाई, एक तुमचं होऊ द्या. मी रिंकूचं नाव घातलं, कंचनबाईचं घातलं, तुझ्या राजस्थानच्या मामाचं नाव मला म्हणता येईना तर त्यांनी तीनदा सांगितलं आणि मी नीट घातलं. रिंकू रडली होती. कॅसेटला कुणी रडतं का? मी तरी अजून बघितलं नाही.

आता एक लिहायचं राहिलं आहे. चार वर्षं तुला शिव्या घालते आहे, पण तुझी आई परवा म्हणाली, ‘हितेश म्हणतो, नाव मी घातलंच नव्हतं.’ बरोबर आहे. तू घातलं नव्हतंस.

हौसाच्या लग्नात तुझी मशीन लाईट गेली म्हणून बंद पडली. मग दिवाळीनंतर तू आम्हाला सोहनलालशेठच्या गोदामात नेलंस. कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणालास. समोर पाट नाही, हळद नाही, नवरी नाही, आम्ही तिघी आणि तुझा तो माईक. तू म्हणालास, ‘मावशी, नाव नका घालू. नुसतं नवरी म्हणा, म्हणजे कुठेही चालेल.’ मी तुझ्यावर ओरडले. बिननावाचं मी म्हणत नाही म्हणाले. साळुबाई म्हणाली, आगं मंग देवीचं नाव घे. तेही ऐकलं नाही. माझी पोर नुकतीच नांदायला गेली होती, चांगलं घर मिळालं होतं, असं मला वाटत होतं. तिचं नाव गावोगाव वाजावं म्हणून मीच घातलं. तू दोन बोटं वर करून थांबा म्हणत होतास आणि मी गातच राहिले.

आणि वाजायला लागलं तेव्हा मिरवलेही. बाजारात मुद्दाम त्या दुकानापुढून जायची. पुढे हौसा पहिल्यांदा सासरहून पळून आली तेव्हा गावात कॅसेट नवी होती. मी तिला म्हटलं, तुझं नाव चाळीस मांडवांत वाजतंय, तू घरी येऊन बसलीस तर लोक काय म्हणतील? परत धाडली. दुसऱ्यांदाही धाडली. एसटीत बसवून खिडकीशी उभी राहिले, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणून तुझी चूक कमी होत नाही. मी चुकले तर मी एका दुपारी चुकले. तुझी मशीन तीच चूक रोज करते आहे.

बायडाबाई

*

बोरी बुद्रुक,
१८ मार्च २००६

हितेश,

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं. टाईप केलेलं. सही तेवढी हाताची.

वाचलं. तुझा आता कॅसेटींचा धंदा नाही, कॉम्प्युटरवर गाणी तयार करतोस. जुनी कॅसेट कुणीतरी सीडीत टाकली, एका सीडीत दीडशे गाणी, तुलाही विचारलं नाही. तुलाही वाईट वाटलं म्हणतोस. वाटू दे थोडं.

सीडी मला नवी नाही. गेणभाऊचा पप्पू मोबाईलवर ऐकवतो. कुणीतरी माझ्या आवाजाखाली ढोल घातलाय, धाड धाड धाड, आणि ‘हौसा गं’ एवढंच कापून सात वेळा जोडलंय. ‘हौ-हौ-हौ-हौसा.’ कुत्रं भुंकल्यासारखं. त्यावर वरातीत पोरं नाचतात. पप्पू म्हणतो, ‘आत्या, लई फेमस हाय, ब्लूटूथनं समद्यांकडं गेलं.’ मी विचारलं, ते परत कसं मागवायचं? तो हसला. म्हणाला, आसं मागं येत न्हाय.

माझा आवाज आता गेला आहे. दोन ओळी म्हटल्या की खोकला लागतो. कोंडाबाई गेल्या वर्षी वारली. म्हणजे ते गाणं जिथं खरं होतं तिथं संपलं आणि जिथं खोटं आहे तिथं नाचतंय.

तू लिहितोस, कॉम्प्युटरवर नाव काढता येईल. आवाज तसाच राहील, नाव तेवढं जाईल. पुढे लिहितोस, ‘मावशी, तुम्ही पन्नास-साठ नावं नुसती म्हणून पाठवा, सुनीता, कविता, पूजा, म्हणजे ज्याला जे हवं ते नाव आम्ही जोडून देऊ.’ हे वाचून कागद खाली ठेवला आणि अंगणात जाऊन आले. नावं नुसती म्हणायची? शाळेतल्या हजेरीसारखी? पुढे पोरगी नाही, तिची आई नाही, आणि मी म्हणू पूजा, हजर? तुला काहीच कळलं नाही का रे, आमच्या ओसरीत वाढूनसुद्धा?

यादी मिळणार नाही. नाव काढ. एवढं एक काम कर. हौसा आता तीस वर्षांची आहे, अंगणवाडीत मदतनीस आहे, पोरांना खिचडी वाढते, गाणी शिकवते. तिथंही बाहेरून ट्रॅक्टर गेला की तिचं नाव वाजत जातं आणि पोरं हसतात. बोलत नाही ती, पण मला दिसतं. नऊ वर्षांत या कॅसेटीबद्दल एक शब्द तिनं काढलेला नाही. इतकं लागलं आहे तिला.

पाठव लवकर.

बायडाबाई

*

बोरी बुद्रुक,
११ फेब्रुवारी २००७

हितेश,

पार्सल परवा मिळालं. तू तुझ्या शब्दाला जागलास, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुला अन्याय वाटणार नाही.

आज दुपारी गेणभाऊकडचा प्लेयर आणला. पप्पूनं लावून दिला. स्वच्छ आवाज. साळुबाई श्वास घेते तोही ऐकू येतो, कोंडाबाईच्या बांगड्या ऐकू येतात. बारा वर्षांमागच्या आम्ही तिघी. आणि जिथं जिथं नाव होतं तिथं तू घुंगरू वाजवलं आहेस. ‘छुन् गं ये गं, हळद वाळली.’ मी म्हटलं, सुटले. पप्पूला म्हटलं, हीच आता समद्यांना दे तुझ्या ब्लूटूथनं. तो म्हणाला, देतो, पन ह्याच्यावर कोन नाचंल?

तेवढ्यात हौसा अंगणवाडीतून आली. दारात उभी राहिली. पिशवीही खाली ठेवली नाही. गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग मला विचारलं, ‘आये, माजं नाव कुटंय?’

मी म्हटलं, ‘काडलं. धा वर्सं त्याच्या मागं व्हते, तवा काडलं त्यानं.’

‘कुनी सांगितलं व्हतं काडाया?’

‘आगं, लोक हासत्यात. लोणीला काय झालं, वरातीत काय चालतं...’

‘हासूंदे की. मी कवा म्हनले काडा?’

मला राग आला. मी ओरडले, की तुझ्यासाठी दहा वर्षं त्या पोराशी भांडले, कंचनबाईसारख्या बाईशी वाकडं घेतलं, आणि तू मलाच विचारतेस? तिनं पप्पूला बाहेर जायला सांगितलं. मग पिशवी ठेवली, माझ्यासमोर बसली, आणि दहा वर्षांत न बोललेलं बोलली. तिचेच शब्द लिहिते, त्यात मी काही घालत नाही.

‘हात मोडून तिसरा दिस व्हता. येका हातानं कांदं काडीत व्हते. सासू बांधावर बसली व्हती. पल्याडच्या वस्तीवर हळद व्हती, त्यांनी भोंगा लावला. आन् तू हाक मारली. पयल्यांदा वाटलं भास झाला. मंग पुन्यांदा मारली. हौसा गं ये गं. मी उटले. सासू म्हन्ली, कुटं निघाली? मी म्हनले, आई बोलावती. ती म्हन्ली, यडी झाली काय, क्याशेट हाय ती. मला ठावं व्हतं क्याशेट हाय. पन तुजा आवाज व्हता ना त्यो. मी बांधानं चालाया लागले ती एसटीपातुर थांबले न्हाई.’

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

तेव्हा ती म्हणाली, ‘काय सांगू? तू मला दोन डाव माघारी धाडली. त्या क्याशेटीनं बोलावलं.’

एवढं बोलून ती उठली. चिडून नाही, मोठ्यानंही नाही. कालची भाजी उरली आहे का विचारावं तशी बोलली आणि आत गेली.

हितेश, तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो ‘पारंपरिक’ अजून माझ्या घशात आहे आणि ती नावांची यादी मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आज दुपारपासून मी कुणावर किती रागवायचं ते मला ठरवता येत नाही. दहा वर्षं मला वाटलं, त्या मशीननं माझ्या पोरीची अब्रू घेतली. आणि पोर म्हणते, माझ्या आवाजानं जे करायचं ते मशीननं केलं, मी नाही.

सीडी याच पाकिटात परत पाठवते आहे. घुंगरू काढ. नाव होतं तसं, होतं तितक्या वेळा घाल. तुझ्याकडे मूळ असेलच, तुम्ही लोक काही फेकत नाही. आणि खाली कागदावर तिघींची नावं छाप: बायडाबाई, साळुबाई, कोंडाबाई, राहणार बोरी. मग वाटायची तितकी वाट.

ती आत भाकरी थापते आहे, आवाज येतोय. मी ओसरीवर हे पत्र लिहीत बसले आहे, कारण हे संपलं की मला आत जावं लागेल आणि तिच्यासमोर काय म्हणायचं ते मला कोणत्याच गाण्यातून येत नाही.

बायडाबाई